हेल्मेट ठेवायचं कुठे?

हेल्मेट घालायला माझी ना नाही. डोकं एकच आहे, आणि आमच्या घरात त्याचा वापर बेताचाच असला तरी फुटलेलं कोणाला हवंय! माझी तक्रार वेगळी आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम 129 हेल्मेट घाला म्हणतं, मागे बसणाऱ्यालाही घाला म्हणतं. काढल्यावर ते कुठे ठेवायचं, याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

बाकीच्या गावांत हे चालून जात असेल. इंदूरचा माणूस मोटारसायकलवर बसतो तोच मुळी कुठेतरी उतरून खायला. राजवाड्यापासून पलासियापर्यंत जायचं म्हटलं तरी वाटेत वाफेवरचे पोहे, मग कचोरी, मग ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून शिकंजी. दर थांब्याला हेल्मेट काढा आणि जागा शोधा. स्कूटरवाल्यांचं बरं असतं, त्यांना डिकी असते. मोटारसायकलच्या सीटखाली एक पाना, एक फडकं आणि विम्याच्या कागदाची घडी, एवढ्यावर जागा संपते. टाकीवर ठेवलं तर घरंगळतं. आरशावर अडकवलं तर आरसा फिरतो, शिवाय आतल्या थर्माकोलला खळगा पडतो. आणि वेळ आली की डोकं वाचवायचं काम त्या थर्माकोलचंच. सीटखालच्या हुकाला उलटं टांगावं, तर पावसाळ्यात परत येईतो आत पाणी साचलेलं.

म्हणून ते हातात घेऊनच हिंडायचं. छप्पन दुकान ही आमची खाऊगल्ली; तिच्या आत गाडी जात नाही, त्यामुळे तिथे तर इलाजच नाही. एका हातात पोह्यांची बशी, दुसऱ्यात चमचा आणि कोपरात तोड्यासारखं अडकवलेलं हेल्मेट. चमचा तोंडाकडे गेला की हेल्मेट शेजाऱ्याच्या बरगडीत जातं. तो वळून बघतो. पण त्याच्याही कोपरात हेल्मेट असतं, म्हणून काही बोलत नाही. सौभाग्यवती जलेबी आणायला गेल्या की त्यांचंही माझ्या दुसऱ्या कोपरात येतं. मग खायचं कसं, तर कोणीतरी भरवायचं. या वयात, भर छप्पनवर!

त्यात जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा इंदुरी मसाला. पोह्यांवर ते सढळ हातानं भुरभुरतात आणि त्यातलं थोडं नेमकं हेल्मेटच्या अस्तरात उतरतं. ते कळतं काच बंद करून गाडी हाणल्यावर. बंद हेल्मेटमधली शिंक कोणी अनुभवली नसेल तर त्यानं उगाच हसू नये. समोरचं सगळं इंदूर एका क्षणात धुक्यात जातं.

तसं हेल्मेटचं सुखही आहे, नाही असं नाही. सकाळी लवकर सिमरोळच्या घाटाकडे निघावं, वारा काचेवरून सरसरत जावा, आणि आत बसून नाट्यगीताची तान घ्यावी. बेसूर गेलं तरी ऐकणारं कोणी नाही. फक्त परतताना सिग्नलला काच वर करायच्या आधी तान संपवायची.

2025 च्या ऑगस्टपासून इंदुरात हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही असा हुकूम निघाला. तेव्हा वाटलं, झालं, आता या वस्तूला मान मिळणार. मिळाला की! मी पंपावर टाकी भरून बाजूला होतो न होतो तोच रांगेतला एक जण आला. “भिया, बस दो मिनट के लिए टोपा दे दो.” दिला. त्याच्या मागच्यानं तो परस्पर घेतला. मग त्याच्या मागच्यानं. एका दूधवाल्यानं कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरल्याचा व्हिडिओ त्या दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर होता. निदान तो कोणाकडे मागायला तरी गेला नाही. माझं परत आलं तेव्हा त्याला चमेलीच्या तेलाचा घमघमाट येत होता. घरी त्याचा खुलासा द्यायला टाकी भरण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

शेवटी हीच म्हणाली, “अहो, मागे तो डबा बसवून घ्या ना, दोन्ही हेल्मेटं मावतील असा.” बसवला. चांगला मोठा, किल्लीवाला. पहिल्याच दिवशी रामबागेत हळदीकुंकू होतं. हिनं डब्यात आधी वाणाची पिशवी ठेवली, मग मावशींना द्यायची लवंगी शेव, मग छत्री, मग ‘असू दे’ म्हणून शाल. झाकण दाबून बंद केलं, किल्ली फिरवली आणि समाधानानं म्हणाली, “बरं झालं बाई, किती सामान मावतं!”

आणि दोन्ही हेल्मेटं माझ्या हातात दिली.