‘रेस झाली की फाइल उडवा’: या सल्ल्यात काय काय चुकतं

कॅम्पातल्या रेसकोर्सवर पावसाळी सीझन सुरू झाला की पुण्यातल्या रेसच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. हँडिकॅपिंग सॉफ्टवेअर (घोड्यांचे जुने आकडे तपासून रेसचा अंदाज बांधणारा प्रोग्राम) वेगवान ठेवण्याचे पाच नियम. थोडक्यात असे: निकाल लागला की त्या दिवसाच्या रेसच्या माहितीची फाइल डिलीट करा, डेटा डेटाबेसमध्ये गेलेलाच असतो. फाइलचं नाव आलं तसंच ठेवा. दुरुस्ती एक्सेलमध्ये करा. शेवटच्या पाच धावांमागचा डेटा रद्दी समजा. बॅकअपला गूगल ड्राइव्हचं सिंक पुरे.

पाचही नियम कुठे ना कुठे गोत्यात आणतात. त्यातला पहिला सगळ्यात महाग पडतो, कारण त्याने झालेलं नुकसान भरूनच येत नाही.

‘डेटा डेटाबेसमध्ये गेलेलाच असतो.’ सगळा जात नाही. अमेरिकन कार्डांवर (दिवसाच्या रेसच्या याद्यांवर) काम करणारे ब्रिसनेट या डेटा विकणाऱ्या कंपनीची जी डीआरएफ फाइल वापरतात, तिच्यात एका घोड्याची एक ओळ आणि ओळीत १,४३५ रकाने असतात. अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामच्या एका टेबलात २५५ च्या वर रकाने मावत नाहीत. म्हणजे अ‍ॅक्सेसवर चालणारं सॉफ्टवेअर एकतर हवे तेवढे रकाने उचलतं, नाहीतर त्यांचे तुकडे पाडतं. उद्या नव्या व्हर्जनला आणखी चार रकाने लागले, तर ते मूळ फाइलीतूनच यायचे.

पण खरी मेख दुसरीकडे आहे. सकाळच्या फाइलीत रेसच्या आधी जेवढं माहीत होतं तेवढंच असतं. डेटाबेसमधली घोड्याची नोंद मात्र निकालानंतर बदलते. समजा, जुलैत एक घोडा ४० रेटिंगवर (त्याच्या कुवतीचा अधिकृत आकडा) पळाला आणि जिंकला. हँडिकॅपरने, म्हणजे रेटिंग ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, त्याला ४८ वर नेलं. आपल्याकडे रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो, म्हणजे पुढच्या हँडिकॅपमध्ये (रेटिंगनुसार वजन देणाऱ्या रेसमध्ये) ४ किलो जास्त. घोड्यांच्या टेबलात फक्त ताजं रेटिंग राहत असेल, तर ऑक्टोबरमध्ये तुम्ही जुलैची रेस तपासायला घेता तेव्हा सॉफ्टवेअरला ४८ दिसतं, आणि हरलेल्यांची रेटिंग्ज तोवर उतरलेली दिसतात. मग ‘वजनाच्या मानाने रेटिंग चांगलं तो घ्या’ असला साधा फॉर्म्युलाही धडाधड विजेते काढून देतो. प्रत्यक्ष शनिवार-रविवारी तोच फॉर्म्युला तोंडावर आपटतो. चूक फॉर्म्युल्याची नसते, त्याला आधीच उत्तर दाखवलेलं असतं.

म्हणून सकाळची फाइल आली की प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती रीड-ओन्ली करावी. ऐनवेळी मागे घेतलेले घोडे, बदललेले जॉकी आणि निकाल वेगळ्या फाइलीत ठेवावेत. मूळ फाइलीवर लिहू नये. डिस्कवर जागा हवीच असेल तर अनझिप केलेल्या प्रती, छापायचे रिपोर्ट, इंडेक्स फाइली उडवा. त्या पुन्हा तयार होतात.

कामाच्या फोल्डरमध्ये गर्दी नको, एवढं त्या मेसेजचं बरोबर आहे. बरीच सॉफ्टवेअर दरवेळी अख्खं फोल्डर चाळतात आणि रखडतात. त्यावर उपाय म्हणजे झालेल्या दिवसाची फाइल सॉफ्टवेअरच्या वाटेत नसलेल्या फोल्डरमध्ये हलवणं.

‘नाव आलं तसंच ठेवा.’ ब्रिसनेटची सीडीएक्स०५०३ फाइल म्हणजे अमेरिकेतलं चर्चिल डाउन्स रेसकोर्स, ३ मे. कोणत्या वर्षीचा ३ मे? नावात वर्षच नाही. पुढच्या वर्षी त्याच तारखेला रेसिंग असेल तर नवी फाइल जुनीच्या डोक्यावर बसते आणि विंडोज फक्त ‘रिप्लेस?’ विचारतं. निदान वर्षाचं फोल्डर तरी करावं.

स्थानिक कार्डांना वर्ष-महिना-दिवस, मग केंद्र, मग कार्ड की निकाल, या क्रमाने नाव द्यावं. फाइली आपोआप तारखेनुसार लागतात. ‘२०२४-२५’ अशी सीझनची फोल्डरं टाळलेली बरी. पुण्याचे पावसाळी महिने आणि नोव्हेंबर ते एप्रिलचं मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स यांत एक पुरतं एका वर्षात आणि दुसरं दोन वर्षांत मोडतं, मग शोधाशोध होते. रेस नंबरचीही गंमत आहे. क्लबचा नंबर सीझनभर चढत जातो, दिवसातला क्रम वेगळा. दोन्ही रकाने ठेवा.

‘दुरुस्ती एक्सेलमध्ये करा.’ सीएसव्हीवर (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या टेक्स्ट फाइलीवर) डबल क्लिक केलं की घात झाला. भारतीय सेटिंगमध्ये ५/२ हा भाव ५ फेब्रुवारी होतो आणि ३/४ लांबीचं अंतर ३ एप्रिल. सेव्ह केलंत की फाइलीत तारीखच उरते. वेळेचं तर लक्षातही येत नाही: १:१२.३४ ही वेळ एक्सेल ०१:१२.३ अशी दाखवतं, आणि सीएसव्हीत दिसतं तेच सेव्ह होतं. गेले ०.०४ सेकंद. ताशी ६० किलोमीटरने पळणारा घोडा तेवढ्यात अर्ध्या मीटरहून जास्त जातो, म्हणजे जवळजवळ एका मानेचं अंतर. जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये २५६ रकान्यांपुढचं सगळं कापलं जातं, ते वेगळंच.

एक्सेलच वापरायचं तर डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने फाइल आत घ्या आणि डेटा टाइप ओळखू नको हा पर्याय निवडा. एखाद-दुसऱ्या आकड्यासाठी नोटपॅड बरं.

‘पाच धावांमागचं सगळं रद्दी.’ एका घोड्याचा फॉर्म बघायला पाच धावा चालतील. अंतर आणि क्लासनुसार (घोड्यांच्या दर्जानुसार) प्रमाण वेळ, म्हणजे तशा रेसला साधारण लागणारा वेळ, काढायला नाही चालणार. सहा अंतरं, पाच क्लास आणि मैदानाच्या तीन स्थिती धरल्या तर ९० खाने होतात. २०० रेस वाटल्या तरी एका खान्यात जेमतेम दोन. जुना डेटा लागतो तो इथे. त्यातला वयाचा रकाना मात्र काढून टाका आणि जन्मवर्ष ठेवा. १ जानेवारीला सगळे घोडे एक वर्षाने मोठे होतात, आणि तेव्हा मुंबईचा सीझन ऐन मध्यावर असतो.

‘सिंक म्हणजे बॅकअप.’ सिंक तुमची चूकही इमानेइतबारे वर पोचवतं. इथे डिलीट केलेली फाइल तिथूनही जाते, आणि गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवसच राहते. त्याहून वाईट म्हणजे उघड्या डेटाबेसचं सिंक. इम्पोर्ट चालू असताना अर्धीमुर्धी प्रत वर चढते. त्यात पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा यूपीएसशिवाय इम्पोर्ट करूच नये.

खरा बॅकअप घ्यायचा तर आधी सॉफ्टवेअर बंद करा. अ‍ॅक्सेस असेल तर शेजारची एलडीबी किंवा एलएसीसीडीबी फाइल नाहीशी झाली का ते बघा, एसक्यूलाइट असेल तर डब्ल्यूएएल फाइल. ती अजून दिसत असेल तर कोणीतरी डेटाबेस उघडा धरून बसलंय किंवा तो नीट बंद झालेला नाही. मग तारीख घालून झिप करा, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर. अ‍ॅक्सेसची फाइल २ जीबीला थांबते, तेव्हा दीडच्या पुढे गेली की आधी प्रत काढून मगच ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवा. महिन्यातून एकदा एक झिप वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून एखादी जुनी रेस काढा, आणि घोडे, वजनं, ड्रॉ (सुरुवातीच्या गेटमधली जागा) छापील कार्डाशी ताडून बघा.