"गुडघ्याला हात लावून काय कळतं?" बरंच कळतं!

नवरात्र संपलं की बडोद्यात गुडघ्यांचा सीझन सुरू होतो आणि त्याबरोबर फॉरवर्डचाही. दांडिया बझारच्या आमच्या मराठी ग्रुपवर मावशीने टाकलेला मेसेज म्हणतो: डॉक्टरांनी पाय ओढून-वळवून बघणं जुनं झालं, थेट एमआरआय काढा, चालता येतंय म्हणजे लिगामेंट शाबूत, कट्ट आवाज आला की गादी (दोन हाडांमधली कूर्चा, मेनिस्कस) फाटली, घरीच वळवून बघा, रिपोर्टमध्ये टेअर (फाटल्याची नोंद) आली की ऑपरेशन ठरलेलं. मी फिजिओ आहे, "मावशी, असं नसतं गं" एवढ्याने भागलं नाही म्हणून हे लिहितेय.

आधी ते "जुनं झालं". एसीएल म्हणजे मांडीचं हाड नडगीला बांधणारा गुडघ्यातला लिगामेंट, त्यासाठी लॅकमन टेस्ट करतात, गुडघा २० ते ३० अंश वाकवायचा, एका हाताने मांडी घट्ट धरायची आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. ती किती सरकते एवढंच बघायचं नसतं, शेवटी दोर ताणल्यासारखी ठाम अडते की नुसतीच मऊ पुढे येत राहते, हे हाताला कळतं. आणि चांगला पाय आधी तपासायचा, कारण काहींचे सांधे मुळातच सैल. २००६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा फाटलेल्या १०० एसीएलपैकी साधारण ८५ या टेस्टने पकडले होते आणि शाबूत असलेल्या १०० पैकी ९४ ना शाबूतच म्हटलं होतं. हाताच्या टेस्टला वाईट म्हणाल का हे?

हां, मेसेजवाल्याचं थोडं खरं आहे. गुडघा ९० अंशात वाकवून ओढायची ड्रॉवर टेस्ट ताज्या दुखापतीत फसते, सूज असते, दुखतं, मांडीमागचे स्नायू आखडतात आणि नडगीला सरकूच देत नाहीत. पिव्हट शिफ्ट ही पाय वळवत गुडघा वाकवून बघायची एसीएलचीच टेस्ट, तिचंही तसंच, आली तर जवळपास पक्कं, पण जागा माणूस पाय कडक करतो म्हणून बऱ्याचदा येतच नाही, भूल दिल्यावर सर्जन ती परत करतात ते यासाठीच. म्हणून पहिल्या रात्री "काही नाही" निघालं तर आठ-दहा दिवसांनी परत तपासायचं. एमआरआय हवाच तिथे हवा, पण काय शोधायचंय ते आधी ठरवून.

चालण्याचं तर सोडाच. एसीएल तुटलेला माणूस सूज उतरल्यावर सरळ रस्त्याने आरामात चालतो, गुडघा दगा देतो तो गरब्यात चक्कर घेताना. चार पावलं टाकता येतात का हा प्रश्न खरा आहे, पण तो फ्रॅक्चरसाठी एक्स-रे काढायचा का ते ठरवायला. त्यापेक्षा सूज कधी आली ते सांगा: दोन-एक तासात टम्म फुगला तर आत रक्त आलंय, एसीएलचा संशय घ्या. दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर गादीकडे बघा.

नुसत्या कट्ट आवाजाला, दुखत नसेल तर, काही अर्थ नाही. गादीसाठीच्या मॅकमरे टेस्टमध्ये गुडघा पूर्ण वाकवून, पाऊल फिरवून सरळ करत नेतात, आणि तीसुद्धा ढोबळ ७० टक्क्यांचीच टेस्ट, म्हणून सांध्याच्या रेषेवर दाबून दुखतंय का, गुडघा अडकतो का हे सोबत बघावं लागतं. व्हिडिओ बघून नवऱ्याकडून पाय पिरगाळून घेऊ नका, प्लीज.

आता रिपोर्ट. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये पन्नाशीपुढच्या सर्वसाधारण लोकांचे एमआरआय काढले, २००८ ला छापून आलं: पन्नाशीतल्या बायकांमध्ये १९ टक्के तर सत्तरीपुढच्या पुरुषांमध्ये ५६ टक्के गुडघ्यांत गादी फाटलेली, आणि त्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्यात काही त्रासच नव्हता! म्हणजे टेअर दिसली तरी दुखतंय ते तिच्यामुळेच का, हे परत हात लावूनच बघायचं. फिनलंडमध्ये २०१३ ला झिजून फाटलेल्या गादीवरच्या ऑपरेशनची तुलना नुसत्या दिखाव्याच्या ऑपरेशनशी केली, वर्षभराने फरक नव्हता. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर गोष्ट वेगळी, लगेच दाखवा.

मावशीचा गुडघा काल बघितला. लॅकमन दोन्हीकडे सारखी, सांध्याच्या रेषेवर काही नाही, दुखतंय ते वाटीभोवती, जिना उतरताना. एमआरआयची अपॉइंटमेंट मात्र तिने आधीच घेऊन ठेवलीय.