प्रतिक्रियेला उत्तर : हिरवा उंदीर आणि विंचवाचं औषध

नमस्कार सर,

तुमचे आक्षेप दोन. ट्रान्सजेनिक (बाहेरून जनुक घातलेल्या) उंदराच्या मेंदूतला हिरवा रंग हा देखावा आहे, त्यात रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं जे प्रथिन शरीरातले रासायनिक निरोप किंवा औषध पकडतं ते, दिसतच नाही. आणि विंचू-साप चावून माणसं दगावतात त्या कोकणात बसून हा रिसेप्टरचा विषय कशाला?

दुसऱ्याचं आधी. लाल विंचू डसला की विषामुळे नसांची टोकं नॉरअ‍ॅड्रिनलिन हे रक्तवाहिन्या आवळणारं रसायन सोडतच राहतात. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, बीपी चढलेलं, पुढे फुफ्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरलं; १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ही गोळी विषाला हातही लावत नाही. ती नॉरअ‍ॅड्रिनलिन जिथे चिकटतं तो आल्फा-१ रिसेप्टर अडवते, आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. कोकणातली माणसं वाचली ती रिसेप्टर ओळखल्यामुळे. मग हा विषय आपला नाही असं कसं म्हणू?

आता आल्फा-१चे तीन प्रकार आहेत : ए, बी आणि डी. प्राझोसिन तिन्ही अडवतं. मेंदूत कुठला प्रकार कोणत्या पेशीत आहे हे शोधायला अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटून खूण करणारं प्रथिन) वापरायची पद्धत. पण २००९मध्ये बाजारातल्या अँटिबॉडी मुद्दाम अशा उंदरांवर तपासल्या, ज्यांच्यात तो रिसेप्टरच नव्हता. तरीही खूण उमटली! अशा अँटिबॉडीवर विसंबून काढलेल्या नकाशांवर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून मला क्लीव्हलँडच्या प्रयोगशाळेने बनवलेले हिरवे उंदीर मोलाचे वाटतात. आल्फा-१ए आणि आल्फा-१बी नुसत्या चेतापेशींतच नाही, तर ऑलिगोडेंड्रोसाइट (चेतातंतूंवर आवरण घालणाऱ्या पेशी) ज्यांच्यापासून बनतात त्या पेशींतही आहेत, हे त्यांच्यात दिसलं.

तुमचा पहिला आक्षेप एका जातीच्या उंदराला तंतोतंत लागू पडतो. रिसेप्टरच्या जनुकाच्या प्रमोटरपुढे (जनुक चालू करणाऱ्या भागापुढे) नुसतं हिरवं प्रथिन जोडलं, तर अख्खी पेशी उजळते. ही पेशी तो रिसेप्टर बनवते एवढंच त्यातून कळतं; तो पेशीत नेमका कुठे आहे, हे कळत नाही. पण दुसऱ्या जातीत हिरवं प्रथिन रिसेप्टरच्याच शेपटीला जोडलेलं असतं. स्ट्रासबुर्गच्या गटाने २००६मध्ये डेल्टा-ओपिऑइड रिसेप्टरचा (अफूसारखी द्रव्यं ज्यांना चिकटतात त्यांपैकी एकाचा) असा उंदीर दाखवला. मेंदूच्या पातळ कापात पेशीभोवती हिरवी कड दिसते. एसएनसी-८० हे त्या रिसेप्टरला चेतवणारं औषध दिलं की कड फिकी होते आणि पेशीच्या आत हिरवे ठिपके जमतात. रिसेप्टर आत ओढले गेलेले असताना त्याच औषधाचा पुढचा डोस त्या उंदरावर चालत नाही. याला मी देखावा म्हणणार नाही.

हिरवं प्रथिन घालताना उंदीरच बदलू शकतो, ही शंका मात्र रास्त आहे. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या डी-२ रिसेप्टरसाठी बनवलेल्या एका हिरव्या उंदरात रिसेप्टर वाढलेले आणि तो जास्त धावपळ करणारा निघाला, असं २०११मध्ये छापून आलं. त्यावर पुढे बरीच वादावादीही झाली. त्यामुळे साध्या उंदराशी तुलना नसेल तर असा शोधनिबंध मी बाजूला ठेवतो.

तुमच्या मनात एखादं विशिष्ट चित्र असेल तर त्याची लिंक इथेच टाका. रंग प्रमोटरवर आहे की रिसेप्टरला जोडलेला, हे निबंधातल्या पद्धतींच्या भागात सापडेल. मी बघून सांगतो.