मार्क द्यावेतच, पण नापास करू नये
लेखात म्हटलंय की स्टेल्थ गेमने (म्हणजे लपूनछपून खेळायच्या व्हिडिओ गेमने) खेळाडूला मार्क देऊच नयेत, हे नाही पटलं. २०१३ च्या स्प्लिंटर सेल ब्लॅकलिस्ट या गेममध्ये घोस्ट, पँथर, असॉल्ट असे तीन वेगळे हिशोब आहेत, गार्डला हातही न लावता सटकलात तर घोस्टचे पॉइंट, अंधारातून येऊन गपचूप मारलंत तर पँथरचे, उघड लढलात तर असॉल्टचे, आणि पैसे सगळ्याचेच मिळतात ज्यातून नवीन गिअर घेता येतं. डिसऑनर्ड या दुसऱ्या गेममध्ये मारत सुटलं की शहरात उंदीर वाढतात आणि शेवटी आपल्याला नावेतून नेणारा सॅम्युअलच गोळी झाडून पहारेकऱ्यांना सावध करतो, काय अंगावर येतं ते! पण मारायची एवढी भारी हत्यारं स्वतःच द्यायची आणि वापरली की शेवट वाईट, हे मात्र खटकतं राव.