पातळ लॅपटॉप हा ‘कंपनीचा डाव’ आहे काय?

इंजिनिअरिंगच्या प्रवेशांचे दिवस आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो. लहान लॅपटॉपमध्ये रॅम (चालू कामासाठीची मेमरी) बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन कायमची जोडलेली असते, बॅटरी आत कोंडलेली असते आणि पंखाही नसतो. हा गिऱ्हाइकाला लुबाडण्याचा निव्वळ डाव आहे, म्हणून मुलांना जुना, जाडजूड, सेकंडहँड लॅपटॉपच घ्यावा, असे त्यात बजावलेले असते. त्यातला राग समजण्याजोगा असला तरी कारणमीमांसा बहुतांशी चुकीची आहे.

रॅमचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पातळ लॅपटॉपमधील एलपीडीडीआर ५ मेमरीत डेटाचे संकेत सुमारे ०.५ व्होल्टवर चालतात, तर स्लॉटमध्ये बसणारी डीडीआर ५ मेमरी १.१ व्होल्टवर चालते. वीज वाचते ती इथेच. परंतु इतका क्षीण संकेत सेकंदाला अब्जावधी वेळा बदलत असताना लांबलेल्या तारा आणि स्लॉटमधील जोड यांमुळे तो विस्कटतो, म्हणून चिप प्रोसेसरला खेटून बसवावी लागते. सुट्या, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या एलपीडीडीआरसाठीचे मानक मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केले आणि लेनोवोने २०२४ च्या एका थिंकपॅड लॅपटॉपमध्ये ते वापरलेही. असे असूनही, सहज दुरुस्त होणाऱ्या लॅपटॉपसाठीच ओळखल्या जाणाऱ्या फ्रेमवर्क कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या छोट्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेलीच ठेवली, कारण त्यातल्या एएमडी कंपनीच्या प्रोसेसरपासून मेमरीपर्यंतच्या २५६ बिट रुंद मार्गावर सुटी मेमरी हव्या त्या वेगाने चालेना. सुटे भाग हाच जिचा धंदा, तिला हा डाव खेळून काय मिळणार? जादा रॅमसाठी अवाच्या सवा पैसे आकारले जातात ही तक्रार खरी आहे, पण ती दराबद्दलची आहे, सोल्डरबद्दलची नव्हे.

बॅटरीबाबत संदेश अर्धाच बरोबर आहे. जुन्या सुट्या बॅटरीत १८ मिलिमीटर व्यासाचे गोल सेल आणि त्यांभोवती टणक कवच असे. चपटे सेल वापरून ही जाडी वाचते, मात्र त्या मऊ सेलना लॅपटॉपच्याच सांगाड्याचे संरक्षण लागते. स्क्रूने बसवलेली बॅटरी गावातला सराईत कारागीर बदलून देतो. गोंदाने चिकटवलेलीचे समर्थन मीही करणार नाही.

पंख्याचे उत्तर सोपे आहे. इंटेल एन १०० सारख्या ६ वॉटच्या प्रोसेसरची उष्णता धातूच्या पत्र्यातून निघून जाते. काम सलग आणि जड असेल तर वेग उतरतो, हे मान्य. पण पावसाळ्यात वीज गेलेल्या, खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला ३५ वॉटचा जुना प्रोसेसर आणि थकलेली बॅटरी घेऊन बसलेल्या मुलाला जाडजूडपणाचा कितीसा उपयोग?

खरोखर जाब विचारावा असा भाग वेगळाच आहे. अनेक स्वस्त लहान लॅपटॉपमध्ये ६४ जीबीची ईएमएमसी साठवण, म्हणजे फायली जपून ठेवणारी स्वस्त चिप, बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तिथे संकेत विस्कटण्याची सबब चालत नाही, कारण जेमतेम २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब सुटी एसएसडी (साठवणीचीच काढता येणारी पट्टी) याच आकाराच्या यंत्रांत व्यवस्थित बसते आणि कितीतरी पट वेगाने चालते. ही सोल्डर केलेली चिप निकामी झाली की विद्यार्थ्याच्या फायलींसकट सगळा बोर्डच बाद होण्याची वेळ येते. संदेशात याबद्दल चकार शब्द नाही.