वळसा की ताण : कॅमेऱ्याच्या केबलविषयीच्या आक्षेपाला उत्तर

आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. रेसिंग कारमधल्या कॅमेऱ्याची केबल प्लगजवळ छोटा वळसा ठेवून बांधावी, हा माझा सल्ला आपल्याला उफराटा वाटतो. वळसा म्हणजे केबलला हलायला मोकळे रान, त्यापेक्षा ती ताणून बांधावी आणि प्लगभोवती हॉट ग्लू भरून टाकावा, असे आपले म्हणणे आहे.

त्यात तथ्य एवढेच की मोठा, लोंबता वळसा स्वतःच हेलकावे खातो आणि प्लगला झोके देतो. वळसा जेमतेम बोट आत जाईल एवढाच असावा, हे मी लिहायला हवे होते. पण केबल ताणली की इंजिनाची थरथर आणि कर्बवरचे (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्ट्यांवरचे) धक्के थेट प्लगवर येतात, आणि मायक्रो यूएसबी सॉकेट त्यासाठी घडवलेलेच नसते. त्याची १०,००० वेळांची क्षमता प्लग सरळ घालण्या-काढण्याची आहे, सतत आडवे ओढले जाण्याची नव्हे. वरून प्लग घट्ट दिसतो, आतले संपर्क मात्र केसभर घासत राहतात, त्यांचा मुलामा झिजतो, ऑक्साइड साचते आणि वीजपुरवठा क्षणभर तुटतो. कॅमेऱ्यात बॅटरी नसेल तर तो क्षण पुरतो, कारण एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते आणि ती नसलेली फाइल सहसा उघडतच नाही.

वळशाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहिला झिप टाय (केबल आवळणारी प्लास्टिकची पट्टी) कुठे बसतो. तो कॅमेऱ्याच्या माउंटवरच हवा. केबल रोल केजला, म्हणजे गाडीतल्या नळ्यांच्या संरक्षक सांगाड्याला, बांधायची ती त्यानंतर. हे मी चुकूनच शिकलो. माझ्या एका चित्रीकरणात माइकच्या ३.५ मिमी जॅकची करकर फक्त ब्रेक लावताना ऐकू येई. कॅमेरा लांब दांडीवर होता आणि केबल थेट केजला बांधलेली होती. ब्रेक दाबला की दांडी पुढे झुके आणि जॅक तसूभर बाहेर ओढला जाई. तिथे ग्लू असता तर जॅक सुटला नसता हे खरे, पण तो ओढा सॉकेटच्या सोल्डरवर गेला असता.

आपला ग्लू दोन हंगाम टिकला, यावर मी शंका घेत नाही. मात्र उन्हात बंद राहिलेल्या गाडीत हॉट ग्लू मऊ पडू शकतो, आणि शर्यतीनंतर प्लग काढायचा तर तो खरवडत बसावे लागते. त्याऐवजी कोणी सुपरग्लू लावणार असेल, तर त्याच्या वाफेने लेन्सवर पांढुरकी साय धरते, हेही सांगून ठेवतो. जागा असेल तर काटकोनी प्लग घ्यावा. तो कमी बाहेर येत असल्यामुळे त्याची तरफ फारशी होत नाही.

बांधून झाल्यावर रेकॉर्डिंग सुरू करून झिप टायच्या पलीकडची केबल हाताने जोरात हलवून पाहावी. प्लग किंचितही हलला, तर तो झिप टाय कापून नव्या जागी लावावा.