दोन बाकांच्या वजनातल्या चार किलोंबद्दल

नमस्कार मॅडम,

आमच्या फर्निचरच्या रिव्ह्यूत तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला, मग कारखान्यातल्या पोरांनाही मोठ्याने वाचून दाखवला. इथे येणाऱ्या इतरांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात लिहितो. जेवणाच्या टेबलासोबत ओकचे दोन बाक घेतले. माप एक, डिझाइन एक, तरी घरच्या काट्यावर एक भरला 23 किलो आणि दुसरा 19. हलक्यावर नखाने ओरखडा उठतो आणि त्याच्या रेषाही दाट आहेत. तेव्हा एका बाकात ओकच्या नावाखाली काहीतरी स्वस्त खपवलंय. शिवाय टेबलाच्या पायांजवळ काळे डाग, आणि माल बारा दिवस उशिरा.

उशिराबद्दल सबब सांगत नाही, चूक आमची. डागांचं पुढे लिहितो. आधी भेसळीचं, कारण तो शब्द झोंबला.

तुमच्या ऑर्डरमधले उरलेले तुकडे आम्ही ठेवले होते. दोन्ही बाकांच्या फळ्यांमधून 12 इंच लांब, 6 इंच रुंद, 1 इंच जाड असा एकेक तुकडा रंधून काढला आणि समोरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला. एक 710 ग्रॅम, दुसरा 870. दोन्हींतला ओलावा मीटरवर 10 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फरक पाण्याचा नाही. मग दोघांची आडवी तोंडं, म्हणजे कापलेली टोकं, धारदार पटाशीने साफ केली आणि भिंगातून वलयं मोजली, म्हणजे तुम्ही म्हणता त्या रेषा, झाडाच्या वाढीच्या, वर्षाला एक. हलक्या तुकड्यात एका इंचात 20, जड तुकड्यात 7.

तुम्ही लिहिलंय की घरात देवदारचं काम जाणणारं एक माणूस आहे आणि त्यांच्या मते रेषा जितक्या दाट तितकं लाकूड पक्कं. देवदार, पाइन यांच्या बाबतीत ते साधारण बरोबरच आहे. ओकचं नेमकं उलटं असतं, आणि लाकडात हात घातलेल्या माणसालाही हे पटकन पटत नाही. मलाही सुरुवातीला पटलं नव्हतं.

ओकचं झाड दर वसंतात पाणी वर चढवण्यासाठी आधी मोठ्या नळ्यांची एक रांग तयार करतं. तुकड्याच्या तोंडावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात ना, त्या या नळ्या. ही रांग चांगल्या वर्षी आणि वाईट वर्षी जवळपास तेवढ्याच रुंदीची राहते. त्यानंतर उन्हाळाभर जे भरतं ते घट्ट, जाड भिंतींचं, वजनदार लाकूड. झाड खोल, ओल धरणाऱ्या मातीत, मोकळ्या उन्हात वाढलं तर हा उन्हाळी भाग रुंद होतो. रेताड किंवा हलक्या जमिनीवर, दाटीवाटीत वाढलं तर तो नावापुरता राहतो, आणि वर्षामागून वर्ष भोकांच्याच रांगा एकमेकींना चिकटून बसतात. म्हणून सावकाश वाढलेला ओक हलका आणि मऊ, जोमाने वाढलेला जड आणि कडक. त्यात झाड म्हातारं झालं की सालीकडचं लाकूड गाभ्याजवळच्यापेक्षा हलकं भरतं. एकाच जंगलात शेजारी उभ्या दोन झाडांतही फरक पडतो, तो वेगळाच.

थोडक्यात, तुम्ही ज्याला स्वस्त म्हणताय तो बाक तेवढंच लाकूड भरायला जास्त वर्षं घेतलेल्या झाडाचा आहे.

फ्रान्समध्ये यावर आख्खा धंदा चालतो. त्रोंसे नावाचं जंगल आहे, सतराव्या शतकात कोल्बेर या मंत्र्याने आरमारासाठी राखून वाढवायला लावलेलं. तिथली झाडं दाटीत, सरळ, अगदी हळू वाढतात, रेषा बारीक. वाइनची पिंपं करणारे त्यासाठी जास्त पैसे मोजतात. लिमूझँ भागात जमीन कसदार, झाडं मोकळी, वलयं रुंद. ते लाकूड कोन्याक या फ्रेंच ब्रँडीच्या पिंपांना जातं. नाशिकच्या एखाद्या वायनरीत फ्रेंच ओकची पिंपं पाहिली असतील तर हीच गोष्ट तिथेही लागू आहे. जर्मनीतल्या श्पेसार्ट जंगलाचा ओक तर व्हिनियरवाल्यांना, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे काढणाऱ्यांना, हवा असतो तो मऊ आणि एकसारखा असतो म्हणूनच.

सागाच्या बाबतीत हे आपण बिनतक्रार मान्य करतो. बल्लारशाचा वेगळा, दांडेलीचा वेगळा, घानाहून आलेला वेगळा. झाड एकच, भाव तीन. ओक आपल्याकडे नवा, म्हणून तो कारखान्यात छापल्यासारखा एकसारखा असेल असं वाटतं.

खात्री तुम्ही स्वतः करू शकता. हलका बाक उलटा करा आणि बैठकीच्या फळीचं आडवं तोंड बघा, तिथे आम्ही फक्त मेण लावलंय. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या फिकट, जाड रेघा नुसत्या डोळ्यांनी दिसतील. इतक्या रुंद रेघा ना सागात असतात ना रबरवुडमध्ये.

आता आमचं चुकलं ते. तुमची ऑर्डर सुरू असताना पहिला लॉट संपला आणि दुसरा बाक नव्या लॉटमधून झाला. वखारीच्या बिलावर दोन्हीकडे ‘युरोपियन ओक’ एवढंच असतं. कागदावर खंड मिळतो, जंगल नाही. पण फळी उचलताना मिस्त्रीच्या हाताला फरक कळलाच असणार. दोन्ही लॉटच्या फळ्या दोन्ही बाकांत वाटून लावायला हव्या होत्या, निदान तुम्हाला सांगायला हवं होतं. जोडी म्हणून विकलेली वस्तू जोडी दिसायला हवी, आणि उचलताना जोडी वाटायलाही हवी. माल पोहोचवायला आलेला मुलगा तुम्हाला म्हणाला, ‘लाकूड आहे मॅडम, कमी-जास्त होणारच.’ तो खोटं बोलला नाही. पण पैसे मोजलेल्या माणसाला द्यायचं ते उत्तर नव्हे.

काळे डाग पूर्णपणे आमचे. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. ओलसर लाकडाला साधं लोखंड लागलं की निळसर काळा डाग उठतो. स्टेनलेसचे स्क्रू संपले म्हणून कोणीतरी साधे मारले आणि वर पाण्यातलं पॉलिश चढवलं. ऑक्झॅलिक ॲसिडने डाग जातील. सगळे स्क्रू बदलून तेवढा भाग पुन्हा पॉलिश करून देऊ, तुमच्या घरी येऊन, खर्च आमचा.

बाकांचं तुम्ही ठरवा. हलका परत द्या, जड बाकाच्या लॉटच्या सहा फळ्या आजच बाजूला काढून ठेवल्यात, त्यांतून तीन आठवड्यांत नवा करून देतो. किंवा दोन्ही परत करून पैसे घ्या. माझं मत विचाराल तर हलका ठेवा: असं लाकूड पावसाळ्यात कमी फुगतं आणि मे महिन्यात कमी आकसतं. मुलं ज्या बाजूला बसून पाय आपटतात तिथे मात्र जड बाक लावा. नखाचा ओरखडा ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली की बराचसा वर येतो; आमचा माणूस येईल तेव्हा करून दाखवेल.

दोन्ही तुकडे, 710 आणि 870 ग्रॅमचे, त्याच्याबरोबर पाठवतोय. ते तुमच्याकडेच ठेवा आणि घरच्या देवदारवाल्यांनाही दाखवा. रविवारी सकाळी अकराच्या आधी त्याला पाठवलं तर चालेल का, तेवढं कळवा.